सागरी मार्गावरची मोका-पाहणी

बेला, जि. आदिलाबाद
ता. १९ जानेवारी २०२५

चि. दीपमाला हिस,
बाबाचा सप्रेम जय भीम.

आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुझ्या आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण ती त्यांच्याकडे लक्ष देत नाही. कापसाची तिसरी वेचणी चालू आहे, त्यामुळे दिवसा गावात माझ्यासारखे पेन्शनर आणि चंपतराव एवढेच उरतात. चंपतरावांनी किराणा दुकान मुलाच्या हवाली केलं आणि आता ते आपल्या ओट्यावर बसून मला सल्ले देतात. हे सगळं तुला आईकडून फोनवर कळलेलंच असेल. दर रविवारी मी आंघोळीला गेलो की तुम्ही दोघी बोलता, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणून तर मी रविवारी आंघोळीला इतका वेळ लावतो.

सात वर्षांत मी तुला ना पत्र लिहिलं, ना फोन केला. आता लिहितो आहे ते एका कागदासाठी. तो दुरुस्त झाला पाहिजे. आणि तो दुरुस्त होताना तू माझं तोंड पुन्हा पाहायचं की नाही, हे तुला ठरवायचं आहे. कागद कोणता ते सांगतो. पण आधी पाहणी आणि मग अर्ज, ही माझी जुनी शिस्त आहे, तेव्हा थोडा धीर धर.

तुला आठवत असेल, बांधाचा वाद असो की पावसाने पडलेलं घर, मी जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागदावर दस्तखत करत नसे. आमच्या तहसील ऑफिसात त्याला मोका पाहणं म्हणत, निजामाच्या वेळेपासून. उन्हात सायकल हाणत मी मोका पाहून येई आणि तू माझ्या डोक्यावर ओला पंचा ठेवायचीस. तर गेल्या महिन्यात मी असाच एक मोका पाहून आलो. तुझ्याकडचा.

झालं असं की चंपतरावांनी समुद्र पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला. आमचं पाणी म्हणजे पैनगंगा, नाहीतर फार तर कुंटाळ्याचा धबधबा. एके दिवशी चंपतराव म्हणाले, "देवाजी, मरायच्या आंधी एक डाव समुद्र पाहू बाप्पा. कोनाले ईचारून राह्यलो आपन?" तुझी आई तेव्हा तांदूळ निवडत होती. ती उठली, डाळीच्या डब्यातून एक कार्ड काढून आमच्यासमोर ठेवलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली. 'सागरी मार्ग दर्शन. तीन दिवस. वेंगुर्ला, मालवण, कुणकेश्वर. चालक : सुरज.' मी कार्ड वाचलं आणि चंपतरावांच्या हातात दिलं. बुकिंग चंपतरावांच्या नावाने झालं.

सुरजचं तोंड मी कधी पाहिलेलं नव्हतं, कारण तुमच्या लग्नाला मी आलो नाही. शाळेतल्या टीचरांबरोबर तू हाच रस्ता पाहायला गेलीस आणि आठ दिवसांनी परत आलीस ती त्या गाडीच्या ड्रायव्हरशी लग्न करायचं ठरवून. माझे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले. मी शिकून कागदाला लागलो. तुला टीचर केलं. आणि तू चाकामागे बसणाऱ्या माणसाकडे निघालीस, ते मला उलटं चालणं वाटलं. तू म्हणालीस, "बाबा, माणूस पाहा ना एकदा." मी म्हणालो, "मले काही पाहाचं नाही." मोका न पाहता दिलेला तो माझा पहिला निकाल. दुसरा पुढे येतो.

नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ. स्टेशनवर सुरज पाटी धरून उभा होता. तुझ्याकडे माझा फोटो असला तर तो मिशीचा असेल. मिशी मी रिटायर झालो त्याच आठवड्यात काढली. वर कानटोपी, त्यामुळे त्याने मला ओळखलं नाही. चंपतरावांनी "हे आमचे मास्तर" अशी माझी ओळख करून दिली आणि नंतर तीन दिवस मला मास्तर म्हणताना स्वतःच हसत राहिले.

आता रस्त्याचं सांगतो. पहिल्या दिवशी वेंगुर्ल्याचं बंदर, दीपगृह आणि मग परुळ्याकडून निवतीला. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना आंबा-काजू, वळणांवर समोरचं काही दिसत नाही. सुरज हॉर्न फार वाजवत नाही, पण प्रत्येक वळणाला त्याचा हात त्यावर तयार असतो. निवतीच्या चढावर, वळणाच्या अलीकडे, त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "आता थोडो वेळ कोणी बोलूचा नाय." मग हळूच गाडी वळणावरून पुढे घेतली. खाली सगळा समुद्र. पार शेवटपर्यंत. चंपतराव जन्मात पहिल्यांदा गप्प बसले. मी मनात नोंद घेतली : चालकाला जागा कशी दाखवायची ते कळतं.

दुसरा दिवस मालवणचा. किल्ल्याला बोटीने जाऊन आलो. मग तारकर्लीच्या वाळूवर आम्ही दोघांनी आमच्या गावची चूक केली. पैनगंगेत पाय धुवायला उतरताना चपला पाण्यापासून दोन हातांवर काढून ठेवतो, तशाच तिथे ठेवल्या आणि शिंपले पाहत लांब गेलो. परत येतो तर वाळू ओली आणि चपला गायब. चंपतराव ओरडले, "अरे, पानी तं थ्या बाजूले होतं! इकडं कसं काय आलं?" आमच्या पाण्याला असं दिवसातून दोनदा येणं-जाणं ठाऊक नाही. सुरज पँट दुमडून कमरेइतक्या पाण्यात गेला आणि तीन चपला घेऊन आला. चौथी माझी होती. ती गेली. त्याने हसून स्वतःच्या चपला काढून मला दिल्या आणि पुढची सगळी ट्रिप अनवाणी गाडी चालवली. त्याचा पाय माझ्यापेक्षा एक बोट मोठा आहे.

त्यानंतर देवबागच्या एका टपरीवर आम्ही चहा घेत होतो. सुरज म्हणाला, "तुमका एक गम्मत सांगतंय. माझी बायको तुमच्याच आदिलाबादची. आणि ती मेलेली आसा."

चंपतरावांच्या हातातला चहा त्यांच्याच धोतरावर सांडला.

"कागदावर हां!" सुरज म्हणाला, आणि त्याने ती गोष्ट सांगितली. तो प्रत्येक ट्रिपला ती सांगतो, लोक खूप हसतात. तुमच्याकडच्या रेशन कार्डात तुझं नाव चढवायचं होतं. त्यासाठी आमच्या ऑफिसातून नाव कमी झाल्याचा कागद हवा होता. नाव कमी करायच्या अर्जाची नक्कल मागवली. नक्कल आली, त्यात कारण : मयत. तुमच्याकडच्या रेशन ऑफिसातला माणूस तुला म्हणाला, "बाई, तुम्ही समोर उभ्या आहात हे मला दिसतं, पण कागदावर तुम्ही नाही." तीन वर्षं झाली, नाव अजून चढलं नाही.

मी विचारलं, "तिकडं कोनाले कळवलं नाही काय?"

"तिचे वडील त्याच ऑफिसात मोठे क्लार्क होते ना! मी म्हटलंय, त्यांका सांग, एका दिवसात होयत. पण ती नाय म्हणता. म्हणता, कोणा नव्या पोराकडून चुकला असतला. बाबांका कळला तर ते त्याका सोडूचे नाय, उगाच त्याची नोकरी जायत."

"तिनं थे नक्कल सोता पाह्यली?"

"बघल्यान ना. खूप वेळ बघीत बसली होती. मग घडी घालून कपाटात ठेवल्यान."

दीपमाला, तू ती नक्कल पाहिलीस. पाटीवर तुझा हात धरून ज्या अक्षराने तुला गिरवायला शिकवलं, तेच अक्षर त्या अर्जावर होतं. ते तू ओळखलं नसशील असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. त्या दिवशीपर्यंत मला वाटत होतं की ही गोष्ट जगात एकट्या मला माहीत आहे. तू तीन वर्षं ती गिळून बसली होतीस, आणि नवऱ्यासमोर माझी लाज राखायला कुणा नव्या पोराची चूक तयार केली होतीस.

ती चूक कोणत्याही पोराची नव्हती. तू गेल्यावर बारा दिवसांनी मी नाव कमी करायचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात तीन शब्द छापलेले होते : लग्न, स्थलांतर, मयत. माझा पेन पहिल्या शब्दावर होता. मग तुझं ते "माणूस पाहा ना एकदा" आठवलं आणि मी तिसऱ्या शब्दाखाली रेघ मारली. मृत्यूच्या दाखल्याच्या जागी स्वतःच्या हाताने लिहिलं : मोका पाहिला. खाली दस्तखत. अर्जदारही मी आणि तपासणारही मीच. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली ती एकमेव खोटी दस्तखत, आणि ती मी माझ्या पोरीवर केली. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवलो, हेही लिहून ठेवतो. लाज नंतर वाटली. ती अजून वाटते.

टपरीवर चंपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "मास्तर, चहा थंडा होऊन राह्यला."

तिसऱ्या दिवशी आम्ही कुणकेश्वरला निघालो. आचऱ्याच्या पुढे सुरजने एका फाटकापाशी गाडी थांबवली. "दोन मिनिटां. घरून डबो घेतंय," तो म्हणाला. चंपतरावांनी तत्काळ मफलर तोंडावर ओढला आणि घोरायला लागले, कारण तू त्यांना शंभर माणसांत ओळखशील. मी काचेआड बसून राहिलो.

तू फाटकाशी आलीस. तुला चष्मा लागला आहे. केस खांद्यापर्यंत कापले आहेस. चालताना डावा पाय जपून टाकतेस, लहानपणी बोरीच्या झाडावरून पडलीस तोच पाय. तू डबा दिलास, त्याच्या कॉलरवरची वाळू झटकलीस आणि त्याच्या अनवाणी पायांकडे पाहून काहीतरी रागाने बोललीस. तो हसून गाडीकडे बोट दाखवत होता. मी त्याच्याच चपला घालून बसलो होतो. तू गाडीकडे पाहून हात हलवलास, पाहुण्यांना हलवतात तसा. मी दार उघडू शकलो असतो. कडी माझ्या हाताखालीच होती. मी ती धरली आणि तशीच धरून बसलो. का उघडलं नाही, याचं उत्तर मी महिनाभर शोधतो आहे. एवढंच कळतं की ज्या माणसाने तुला मेलेली लिहिलं, त्याला तुझ्यासमोर उभं राहायला आधी काहीतरी दुरुस्त करून यावं लागत होतं.

डब्यात घावणे होते आणि सोबत आपल्याकडची जवसाची चटणी. कुणकेश्वरच्या वाळूवर बसून आम्ही ती खाल्ली. चटणीत तू अजूनही आईसारखंच लसूण जास्त घालतेस.

कुडाळ स्टेशनवर सुरजने अभिप्रायाची वही पुढे केली. त्याच्या सगळ्या पाहुण्यांनी त्यात लिहिलेलं आहे. चंपतरावांनी अख्खं पान भरलं, त्यात त्यांच्या दुकानाचा पत्ताही आला. मी लिहिलं : 'रस्ता पाहिला. चालक सावध, मनाने मोठा. चपलांबद्दल आभार.' खाली सही करायला गेलो आणि हात थांबला. मास्तर म्हणून सही करता येईना, आणि माझी खरी सही तर तू ओळखली असतीस, म्हणून जागा कोरीच सोडली. गंमत म्हणजे अक्षर तर तू ओळखणारच होतीस, हे गाडी सुटल्यावर माझ्या ध्यानात आलं.

ते खरंच झालं. गेल्या रविवारी तू आईला विचारलंस, "बाबा कोकणात आले होते काय?" ती म्हणाली, "मले काय मालूम बाई, थे कुठी जातेत काही सांगतेत काय!" आणि मग आंघोळीच्या दाराशी येऊन मला म्हणाली, "आता तुमीच बोला. माह्याच्यानं आता अधिक लबाडी होत नाही." पण फोनवर मला बोलता येत नाही. आणि कागदावर केलेलं कागदावरच दुरुस्त व्हावं असं मला वाटतं.

म्हणून सोमवारी मी ऑफिसात गेलो. माझ्या जागेवर आता प्रणिता नावाची तेलुगू मुलगी बसते. हुशार आहे. तिने उठून मला खुर्ची दिली, अर्ज दिला. दुरुस्तीच्या अर्जातही कारणाचा रकाना असतो : चुकीची नोंद कशामुळे झाली. मी तिथे 'राग' लिहिलं. तिने ते वाचलं, मला वाटतं तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "सार, गुस्सा लिस्ट में नै है. क्लरिकल मिस्टेक लिख दो ना. जल्दी हो जाता." मी नाही म्हणालो. तिने आवाज खाली केला, "सार, ऐसा लिखे तो आपके ऊपर इन्क्वायरी बैठेगी."

तिने सांगितलेली सोय तीच होती, जी तू तीन वर्षं माझ्यासाठी करत आली आहेस. कुणातरी क्लार्कची चूक. मी तिला तेलुगूत सांगितलं की क्लार्क चुकला नव्हता, बाप चुकला होता, आणि तसंच लिहायचं आहे. तिने तो अर्ज बाजूला सारला. मग वेगळा कागद दिला. मी माझा जबाब लिहिला, दोन साक्षीदारांसमोर. पहिली सही चंपतरावांची आहे, आणि 'क्लरिकल'च लिहावं असं त्यांचंही म्हणणं होतं. चौकशी लागली तर लागू दे. मोका पाहायला कुणी आलं तर मी त्याला चहा देईन.

आता तुझं काम. नोंद बदलायला तू हयात असल्याची खात्री लागते. त्याचे मार्ग दोन आहेत. एक, तू स्वतः इथे येऊन प्रणितासमोर उभं राहायचं आणि तिच्या पुढ्यात सही करायची. दुसरा, तिकडच्या तुझ्या तहसीलमधून हयातीचा दाखला काढून पोस्टाने पाठवायचा. दुसऱ्या मार्गाने तुला या गावात पाऊल ठेवायची गरज नाही, आणि माझ्याशी एक अक्षर बोलायचीही नाही. काम दोन्हींनी सारखंच होतं.

चंपतराव म्हणाले, "दुसरा रस्ता तू लिहूच नको. मंग पोरीले याच लागते. बुढा झाला तरी तुले अक्कल काऊन येत नाही?" मला मोह झाला नाही असं नाही. दोन दिवस हे पत्र पहिल्याच मार्गापाशी थांबलं होतं. पण अर्धा नियम सांगून तुला बोलावणं म्हणजे तुझ्या नावाने पुन्हा एक खोटा कागद करणं. तेव्हा दोन्ही मार्ग लिहिले आहेत. दोन्हींचे कोरे अर्ज आणि माझ्या जबाबाची नक्कल सोबत जोडली आहे. नक्कल सुरजलाही वाचायला दे. ती वाचून त्याने ती गोष्ट पाहुण्यांना सांगायचं थांबवलं तर चालेल, नाही थांबवलं तरी माझी तक्रार नाही.

तू यावंस असं मला वाटतं. ते मी गुंडाळून लिहीत नाही. फार वाटतं. आलीस तर आणि सुरजला घेऊन आलीस तर त्याच्या चपला माझ्याकडे आहेत, धुऊन ठेवल्या आहेत. मी त्याला कुंटाळा दाखवीन. त्या रस्त्यावर सागाच्या जंगलातून एक वळण येतं, त्याच्या अलीकडे मी त्याला गाडी थांबवायला सांगीन आणि म्हणीन, आता थोडा वेळ कोणी बोलायचं नाही. आणि तू दुसऱ्या मार्गाने गेलीस तर दाखला रजिस्टर पोस्टाने पाठव, साध्या टपालाचा भरवसा नाही.

आईने तुला सांगायला सांगितलं आहे की पाय जप आणि चटणीत लसूण तेवढंच ठेव.

त्या जुन्या अर्जात सगळ्यात खाली एक रकाना होता : मयताशी नातं. तिथे मी एक शब्द लिहिला होता. त्या अख्ख्या कागदावर खरा तेवढाच एक शब्द होता, आणि तोच मी सात वर्षं विसरलो. इथे पुन्हा लिहितो. या वेळी मोका पाहिलेला आहे. इसम हयात आहे, तिला चष्मा लागला आहे, आणि ती अनोळखी पाहुण्यांनाही हात हलवते.

देवाजी मुनेश्वर
(वडील)